चिऱ्याच्या घरात बारा इंची सबवूफर, डग्ग्यावर पारखून

सबवूफर, म्हणजे खर्ज (अगदी खालचे स्वर) वाजवणारा स्पीकर, पारखायचा तर डग्ग्याच्या घिश्श्यावर पारखावा. दुकानवाले आपल्याला हेलिकॉप्टर, भूकंप आणि कोसळणारे पूल ऐकवतात. आपण थक्क होतो, खोकं घरी आणतो आणि मग लक्षात येतं की आपल्या गाण्यात पूल कोसळत नाहीत. गाण्यात डग्गा असतो. बोटांनी ‘घे’ काढून मनगट शाईकडे दाबत नेलं की स्वर खालून वर चढतो, मध्ये कुठेही न अडखळता. हाच घिस्सा. ज्या खोलीत हा स्वर एका ठिकाणी फुगतो आणि पुढच्याच क्षणी गायब होतो, तिथे सबवूफर नीट लागलेला नाही. मग तो दहा हजारांचा असो नाहीतर लाखाचा.

मी घेतलाय एसव्हीएस कंपनीचा एसबी-1000 प्रो. बारा इंची वूफरचा (म्हणजे हवा ढकलणाऱ्या गोल पडद्याचा), चारी बाजूंनी बंद पेटीचा, 325 वॉटचा ॲम्प्लिफायर पोटातच. वेंगुर्ल्यातल्या आमच्या घरी 14 बाय 10 फुटांच्या खोलीत तो एक उन्हाळा आणि एक आख्खा पावसाळा काढून बसलाय, म्हणून आता लिहितो. आवडला. मात्र याचं श्रेय पेटीला जितकं, तितकंच ती जिथे ठेवली त्या जागेला, आणि खालचं बरंचसं लिखाण त्या जागेबद्दलच आहे.

माझं दुकान पंप-मोटार रिवायंडिंगचं. दिवसभर कानाशी 50 हर्ट्झची (सेकंदाला 50 कंपनांची) गुणगुण आणि संध्याकाळी भजनात पखवाज, त्यामुळे खालच्या आवाजाशी माझी ओळख दोन्हीकडून. सिस्टिम साधी आहे. यामाहाचा ए-एस301 ॲम्प्लिफायर, पाच इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर आणि एक जुना लॅपटॉप. असे स्पीकर 60-65 हर्ट्झपर्यंत इमानाने उतरतात आणि तिथून माघार घेतात. गळा आणि हार्मोनियम त्यांच्यावर सुरेख लागतात. काळी एकच्या तंबोऱ्यातली खर्जाची तार 69 हर्ट्झला असते, ती कशीबशी निभते. पखवाजाच्या धुमेवर ओली कणीक थापल्यावर जो गंभीर आवाज निघतो, तो मात्र त्यांच्या आवाक्यात नाही. बेस गिटारची सर्वांत खालची मोकळी तार 41 हर्ट्झला, तिचं तर नावच नको. ती ऐकू आल्यासारखी वाटते, कारण तिचे वरचे स्वरांश ऐकून मेंदू खालचा स्वर आपल्या पदरचा घालतो.

आता खोली. घर जांभ्या चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. खोलीवर फळ्यांचा माळा, माळ्यावर नारळ आणि दिवाळीशिवाय न उतरणारी भांडी. चिऱ्याची जाड भिंत खर्ज गिळत नाही, जसाच्या तसा परत पाठवते. फळ्यांचा माळा उलट थरथरतो आणि त्या थरथरण्यात बराच खर्ज जिरवतो. उरलेला कौलांच्या फटींतून आणि खिडकीच्या झडपांतून बाहेर पळतो. स्लॅबच्या बंद खोलीत असं होत नाही. तिथे अगदी खालच्या स्वरांना खोली स्वतःच टेकू देते, म्हणजे छोटा सबवूफरही मोठ्याचा आव आणू शकतो. कौलारू घरात हा फुकटचा खर्ज फारसा मिळत नाही. म्हणून एवढ्याशा खोलीला आठ इंची पुरे झाला असता असं कोणी म्हटलं तर मी आधी विचारतो, डोक्यावर स्लॅब आहे की कौलं?

थोडं गणित केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या उष्ण हवेत आवाज सेकंदाला साधारण 347 मीटर जातो. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागायचं. 14 फूट म्हणजे 4.27 मीटर, उत्तर येतं 41 हर्ट्झ. 10 फुटांच्या रुंदीचं येतं 57. लांबीचा दुसरा आकडा पहिल्याच्या दुप्पट, 81 च्या आसपास. या आकड्यांवर खोली स्वतः वाजते. भिंतीजवळ तो स्वर दणकून मिळतो आणि काही ठिकाणी जवळजवळ मुका होतो. माझ्या खोलीत लांबीच्या बरोबर मध्यावर, सात फुटांवर खुर्ची ठेवली तर 41 हर्ट्झ नाहीसाच होतो. तीच खुर्ची मागच्या भिंतीला टेकवली तर तोच स्वर छाताडावर येऊन बसतो. बेस गिटारची खालची तार नेमकी 41 ला, हा माझ्या खोलीचा खोडसाळपणा. एकाच गाण्यात एक सूर ढणढणतो आणि शेजारचा सूर लाजतो, याचं कारण बहुतेक वेळा पेटीत नसून भिंतींमधल्या अंतरात असतं.

खुर्ची म्हणून मी पुढच्या भिंतीपासून नऊ फुटांवर ओढली. एक पैसा खर्च नाही आणि निम्मं दुखणं गेलं.

बंद पेटी की नळीवाली, हा वाद जुना आहे. नळीवाल्या पेटीत, म्हणजे पोर्टेडमध्ये, पेटीतली हवा नळीवाटे कामाला लागते. तेवढ्याच वॉटमध्ये नळीच्या ठरावीक स्वराभोवती आवाज जास्त मिळतो. सिनेमे बघणाऱ्याला, मोठ्या हॉलवाल्याला ती बरी. पण त्या स्वराच्या खाली तिचा आवाज झपाट्याने कोसळतो, दर सप्तकाला सुमारे 24 डेसिबल. बंद पेटीचा उतार निम्मा, 12 डेसिबल. तो सावकाश उतरतो आणि खोलीशी जुळवायला सोपा जातो. शिवाय थाप पडली की बंद पेटी लवकर गप्प होते. पखवाजाला हे फार महत्त्वाचं. ‘धा’ नंतर ‘किट’ वाजतं तेव्हा आधीचा ‘धा’ अजून रेंगाळत असेल तर बोलांचा चिखल होतो.

कोकणात मात्र नळी नको म्हणायला आणखी एक कारण आहे आणि ते कुठल्याच कंपनीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. भाच्याकडच्या पोर्टेड सबवूफरमधून फुसफुस यायला लागली म्हणून त्याने मला बोलावलं. टॉर्च मारून बघितलं तर नळीच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं, त्यात तिने आणून ठेवलेले कोळी, आणि आत खोलवर पालीची दोन अंडी. मी माती काढली, अंडी परसात नेऊन ठेवली. यावर उपाय म्हणून स्पंजचं बूच लावून नळी बंद करता येते, काही कंपन्या ते सोबत देतातही, पण मग नळीचे पैसे कशाला मोजायचे? आपल्याकडे कुठल्याही मोकळ्या भोकात पावसाळ्याआधी कोणीतरी बिऱ्हाड करतंच.

बंद पेट्यांमध्ये आणखी दोन मी विचारात घेतल्या. एक आरईएल कंपनीचा टी/5एक्स, आठ इंची, जमिनीकडे तोंड केलेला, 125 वॉटचा. त्याची खासियत जोडणीत आहे. स्पीकरच्या तारा ॲम्प्लिफायरच्या ज्या टर्मिनलना लागतात, तिथूनच तो सिग्नल घेतो, लांब केबल आणि गोल फिरवून बसणारा प्लग. जुन्या ॲम्प्लिफायरना सबवूफरसाठी वेगळी आउटपुट नसते, त्यांना हा रस्ता सोयीचा. सावंतवाडीच्या एका मित्राकडे तो ऐकला. त्याची खोली स्लॅबची, दहा बाय अकरा. तिथे तो इतका चपखल बसलाय की मी गप्प बसून दोन राग ऐकले. माझी खोली स्लॅबची असती तर हाच घेतला असता.

दुसरा केईएफचा केसी62. साडेसहा इंचांचे दोन वूफर पाठीला पाठ लावून बसवलेले. दोघं एकाच वेळी उलट दिशांना हलतात, त्यामुळे पेटीला बसणारे धक्के एकमेकांना खाऊन टाकतात आणि पेटी स्वतः थरथरत नाही. आकार जेमतेम दहा इंची ठोकळ्याएवढा. तुमची ऐकायची खोली माडीवर, फळ्यांच्या जमिनीवर असेल तर हा गुण सोन्याचा. पेटी थरथरली की फळी थरथरते आणि खाली माजघरात बसलेल्यांच्या चहात लाटा उठतात. माझी खोली खालच्या मजल्यावर, कोब्याच्या जमिनीवर. मला त्या गुणाचे जास्तीचे पैसे देणं परवडत नव्हतं.

शोरूमचा अनुभव थोडक्यात सांगतो. घाट चढून एका मोठ्या शहरात गेलो होतो. दुकानाचं नाव घेत नाही. गालिचा, पडदे, चामड्याच्या खुर्च्या, वीस फुटांच्या वर लांब खोली. मी पेनड्राइव्हवर तबल्याचं एकलवादन नेलं होतं. पोरगा म्हणाला, “सर, ह्याच्यात बास नाहीये, मी तुम्हाला डेमो लावतो.” आणि लावलं ते विमान. मी अर्ज केला, विनंती केली, शेवटी स्वतः उठून पेनड्राइव्ह खोचला. दुकानात गेलात तर एवढा आगाऊपणा कराच. आणि दुकानात कितीही छान वाजलं तरी ते त्या खोलीचं वाजणं आहे हे ध्यानात ठेवा. खोली काही गाडीत घालून आणता येत नाही. घरी लावून बघायला देणारा, न पटल्यास परत घेणारा विक्रेता मिळाला तर दोन-चार हजार जास्त गेले तरी त्याच्याकडूनच घ्यावं.

आता जागा. नेहमीचा सल्ला असतो की कोपऱ्यात ठेवा. कोपऱ्यात तीन पृष्ठभाग एकत्र येतात, आवाज सर्वांत मोठा मिळतो, आणि खोलीचे सगळे आकडे एकदम जागे होतात. मला आवाज नको होता, सारखेपणा हवा होता. त्यासाठी जी युक्ती आहे ती करताना माणूस वेडा दिसतो, पण तिला तोड नाही. सबवूफर उचलून आपल्या खुर्चीवर ठेवायचा, आपल्या कानाच्या जागी. डग्गा किंवा चढत्या सुरांची बेस गिटार लावायची. मग भिंतीच्या कडेकडेने रांगत, कान जमिनीलगत ठेवून ऐकत जायचं. जिथे सगळे सूर सारखे वाटतील तिथे खूण करायची आणि सबवूफर तिथे ठेवायचा. बोलणारा आणि ऐकणारा यांनी जागा बदलल्या तरी खोली त्या दोघांमध्ये तेच करते, या नियमावर हे चालतं.

मी रांगत असताना मुलगी दारात येऊन म्हणाली, “बाबा, काय हरावला तुमचा?” तिलाही रांगायला लावलं. तिचे कान माझ्यापेक्षा तरुण. आम्हा दोघांची खूण डाव्या लांब भिंतीवर एका वीतभर अंतरात पडली, पुढच्या भिंतीपासून सुमारे साडेतीन फुटांवर. नंतर हिशेब केला तर साडेतीन फूट म्हणजे 14 चा बरोबर चौथा हिस्सा, आणि लांबीचा 81 हर्ट्झचा आकडा तिथे मुका असतो. तिथे ठेवलेला सबवूफर त्या आकड्याला डिवचतच नाही. कानाने जे सांगितलं तेच गणिताने सांगितलं, मला बरं वाटलं.

भिंतीपासून पेटी फार पुढे ओढू नका. पेटीतून निघालेला आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि अंतराच्या चौपट लांबीच्या लहरीला खातो. एक मीटर पुढे ओढलीत तर 87 हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, म्हणजे ऐन डग्ग्याच्या मुलखात. माझी पेटी भिंतीपासून चार बोटं आहे, मागच्या वायरी न मुडपण्यापुरती.

जागा ठरल्यावर ॲप. हा सबवूफर फोनवरून ब्लूटूथने लावता येतो आणि माझ्या दृष्टीने यातच त्याची निम्मी किंमत वसूल होते. पेटीमागे वाकून, चष्मा सावरत बटणं फिरवायची नाहीत. खुर्चीवर बसल्या बसल्या ऐकत ऐकत बदलायचं. वरचा कट, म्हणजे ज्याच्या वर सबवूफरने उतरत गप्प व्हायचं ती सीमा, मी 65 हर्ट्झला लावला, उतार 24 डेसिबलचा. बरेच जण डोळे झाकून 80 लावतात. होम थिएटरच्या रिसीव्हरला ते ठीक, कारण तो मुख्य स्पीकरमधून खालचे सूर कापून घेतो. माझा यामाहा सबवूफरला आउटपुट देतो पण मुख्य स्पीकरमधलं काही कापत नाही. 80 लावलं तर 65 ते 80 दोघंही वाजवणार आणि डग्गा बसका, जाडा होणार. स्पीकर जिथे थकतो तिथे सबवूफरने हात द्यावा, त्याआधी नाही.

मग फेज. स्पीकर आणि सबवूफर एकाच वेळी हवा ढकलतात की एक ढकलतो आणि दुसरा ओढतो, एवढाच प्रश्न. 65 हर्ट्झचा एकसुरी आवाज लावला, मी खुर्चीत, मुलगी ॲपवर शून्यापासून 180 अंशांपर्यंत सावकाश सरकत. जिथे आवाज सर्वांत भरला तिथे “थांब!” हे काम दोघांनी करावं. एकट्याने करताना नजर आकड्यावर जाते आणि कान आकड्याचं ऐकायला लागतो.

आवाजाची पातळी ठरवताना घाई नको. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच दाखवलं होतं की कमी आवाजात कानाला खालचे सूर मधल्यांपेक्षा फारच कमी ऐकू येतात. आणि मधल्या सुरांत आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहा डेसिबल लागतात, 40 हर्ट्झच्या आसपास त्याहून बरेच कमी पुरतात. याचा व्यवहारात अर्थ असा की सबवूफरची कळ जराशी फिरवली तरी फार फरक पडतो, आणि तुम्ही रोज ज्या आवाजात ऐकता त्याच आवाजात ती लावली पाहिजे. रात्री हळू ऐकण्यासाठी मी ॲपमध्ये वेगळा प्रीसेट ठेवलाय, तीन डेसिबल जास्तीचा.

परीक्षेला आमचे बुवा बोलावले. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यांना, उभा जन्म घालवलेला माणूस. त्यांना पेटी कुठे आहे ते न सांगता पखवाज लावला, आणि मध्येच ॲपवरून सबवूफर गप्प केला. बुवांनी मान वर केली. “आवाज खंयसून येता ता कळना नाय,” ते म्हणाले, “पण बंद केलंस काय पखवाज उपाशी वाटता.” त्यानंतर मी पातळीला हात लावला नाही.

मोजमाप हवंच असेल तर मिनीडीएसपी कंपनीचा यूएमआयके-1 हा यूएसबी माइक आणि रूम ईक्यू विझर्ड हे फुकट सॉफ्टवेअर. माइक सावंतवाडीच्या त्याच मित्राचा उसना आणला. फोनच्या माइकवर भरवसा नको, बोलणं स्वच्छ यावं म्हणून त्यात खालचे सूर बहुधा गाळलेले असतात. आलेखात अपेक्षेप्रमाणे 41 जवळ टेकाड दिसलं. ॲपमध्ये तीन जागी स्वर कापता-चढवता येतात. त्यांतली एक वापरून मी 41 ला पाच डेसिबल, अरुंद पट्ट्यात, कापले. 57 जवळ उथळ खड्डा आहे, कारण खुर्ची रुंदीच्या मध्यावर आहे. तो भरायचा नाही. तिथे ॲम्प्लिफायरने कितीही जोर लावला तरी खोली तो गिळते, आणि वूफर विनाकारण हेलपाटत राहतो. टेकाड कापावं, खड्डा सोडून द्यावा. खड्डा खुर्ची किंवा पेटी सरकवूनच हलतो.

आता ऐकू काय येतं. डग्ग्याचा घिस्सा खालून वर एकसंध चढतो, 41 च्या वरच्या सगळ्या वाटेवर कुठे ठेच लागत नाही. विलंबित एकतालात तबलजी नुसता ‘धिं’ सोडून देतो तेव्हा त्या शेपटात डग्ग्याच्या कातड्याचा ताण कळतो, ते आधी नुसतं ‘भुं’ होतं. तंबोऱ्याचा खर्ज आता खोलीत भरून राहतो, आणि मला अनपेक्षित वाटलेली गोष्ट म्हणजे गायकाचा आवाजही अधिक जागच्या जागी उभा राहतो. थेट मैफिलीच्या मुद्रणात मांडवाची हवा, स्टेजच्या फळ्यांवर पडलेलं पाऊल, कोणीतरी माइकला लावलेला धक्का, हे सगळं ऐकू येतं. सगळंच सुखाचं नाही. काही मुद्रणांत मागे जनरेटरची घरघर आहे हे मला आत्ता कळलं.

सत्तरच्या दशकातल्या सिनेमाच्या गाण्यांत बेस गिटार काय कमाल करते हे कळायला सबवूफर लागतो. उलट जुनं नाट्यसंगीत लावलं तर सबवूफर नुसता बसून राहतो. 1925 च्या सुमारास विजेचा माइक येईपर्यंत ध्वनिमुद्रण भोंग्यासमोर गाऊन होत असे, त्यात खर्ज उतरतच नसे. नंतरच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्यांतही तो बेताचाच. त्यातून जो खालचा आवाज येतो तो तबकडीचा आणि यंत्राचा खडखडाट. तशा गाण्यांना मी सबवूफर बंदच ठेवतो. ज्यांच्या संग्रहात ऐंशी टक्के तेच आहे, त्यांनी हे पैसे बऱ्या स्पीकरवर घालावेत.

सबवूफर आल्यावर घरातल्या वस्तू बोलायला लागतात. पहिल्याच संध्याकाळी आई देवघरातून ओरडली, “रे, समई वाजता कित्या?” समईच्या तळाची सुटी फिरकी 50 च्या आसपास किणकिणत होती. मग फोटोंच्या चौकटी, खिडकीची कडी, कपाटाची काच, पंख्याची वाटी. सावकाश चढणारा एकसुरी आवाज लावून एकेक पकडायची आणि मागे फेल्टचा तुकडा चिकटवायचा. खिडकीच्या कडीला सायकलच्या ट्यूबची पट्टी. कौलांचा एक थर 35 हर्ट्झला खडखडतो, त्याला माझ्याकडे इलाज नाही. पखवाज तिथवर उतरत नाही, त्यामुळे चाललंय.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट, कारण यात लोक फसतात. सबवूफर जोडल्यावर ‘हूंऽऽ’ असा अखंड सूर येत असेल तर पेटी बिघडलेली नसते. ॲम्प्लिफायर एका बोर्डावर, सबवूफर दुसऱ्या भिंतीच्या बोर्डावर, आणि छपरावरच्या डिशची केबल तिसरीकडून अर्थिंग घेऊन येते. या वेगवेगळ्या अर्थिंगमधल्या फरकाने 50 हर्ट्झ सिग्नलच्या तारेत शिरतो. आमच्याकडे हा फरक जास्त, कारण जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही. उन्हाळ्यात खडक सुकला की आणखीच बिघडतं. आधी डिशची केबल उपसून बघा. माझ्याकडे तेवढ्यानेच सूर थांबला. मग सगळं एकाच बोर्डावर आणा. घराचं अर्थिंग जुनं असेल तर नवीन खड्डा करून कोळसा-मीठ घाला आणि एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी ओतत राहा. एक गोष्ट मात्र कोणीही सांगितली तरी करायची नाही: प्लगची तिसरी पिन काढणं. गुणगुण थांबते आणि पेटीच्या धातूला करंट उतरला तर तो जायला तुमच्याशिवाय वाट उरत नाही.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा होतात तेव्हा प्लग तर काढतोच, ॲम्प्लिफायरकडून सिग्नल आणणारी आरसीए केबलही काढतो. स्टँडबायवरची पेटी बंद नसते, तिचं सर्किट चोवीस तास लाइनवर असतं. आरसीएच्या टोकांवर खाऱ्या हवेने हिरवट कळकट चढतं. गणपतीच्या आधी आणि शिमग्याच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो, बाकी काही करत नाही. घेताना वूफरची कड रबराची आहे ना हे जरूर बघा. फोमच्या कडा आमच्या दमट हवेत भुसभुशीत होऊन गळून पडतात, दुकानात असे वूफर दुरुस्तीला येतच असतात. पेटी एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची असते, पावसाळ्यात कोब्याला पाझर फुटतो, म्हणून खाली काळ्या ग्रॅनाइटचा तुकडा आणि पेटीचे रबरी पाय. धो धो पावसात मात्र सबवूफर काय, सगळीच सिस्टिम शोभेची. कौलांवर पाऊस लागला की गप्प बसावं.

एकाऐवजी दोन घ्यावेत का, असं मित्र विचारतात. हरमन या ऑडिओ कंपनीत टॉड वेल्टी यांनी 2002 मध्ये हे पद्धतशीर मांडलं. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यांवर दोन सबवूफर ठेवले तर बऱ्याच खुर्च्यांवर खर्ज सारखा मिळतो, त्या दोन भिंतींमधला पहिला आकडा जवळजवळ उठतच नाही. घरात चार-पाच जण मिळून ऐकत असाल तर एका मोठ्यापेक्षा दोन लहान नक्की बरे. माझ्याकडे खुर्ची एकच, बुवा आले तर मी जमिनीवर. एकाला एक पुरतो.

आणि ज्यांची खोली नव्या स्लॅबची, दहा बाय दहा, उंचीही दहा आहे, त्यांनी बारा इंचीच्या वाटेला जाऊ नये. लांबी, रुंदी, उंची तिन्हींचा आकडा 57 वर येऊन एकमेकांच्या डोक्यावर बसतो आणि कोणताही सबवूफर तिथे एकच सूर आळवतो. आधी कापसाची गादी, भरलेलं पुस्तकांचं कपाट, शक्य झालं तर एका भिंतीसमोर हवेची पोकळी ठेवून पातळ प्लायवुडची आडभिंत करा. मग आठ इंची बंद पेटी आणा, आणि खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवू नका.